ब्रॉडकास्ट टाकला, पण पोचला कुणाला?

काल शेजारच्या काकू वैतागून आल्या. घरगुती भाजणी-मेतकूट विकतात. "अरे, दोनशे जणांना मेसेज टाकला, ऑर्डरी आल्या चार!"

फोन बघितला. बहुतेकांच्या चॅटमध्ये एकच टिक. मेसेज पोचलाच नव्हता!

व्हॉट्सअ‍ॅपची मेख अशी आहे: ब्रॉडकास्ट त्यांनाच जातो, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. तुम्ही त्यांचा केलात, एवढ्यानं भागत नाही. शिवाय एका यादीत जास्तीत जास्त 256 जण.

म्हणून पुडा हातात देतानाच सांगायचं, "नंबर सेव्ह करा, ताजी भाजणी झाली की कळवते." काकू आता लेबलवरच ते छापून घेणार आहेत.

आणि साधं व्हॉट्सअ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाकून ठेवा. "मेतकूट कसं दिलं?" याचं उत्तर तीसदा टाइप करावं लागत नाही. फोटो मात्र दिवसा, खिडकीपाशी काढा. काकूंच्या फोटोत मेतकुटापेक्षा गॅसची नळीच ठळक होती.

रोजचं गुलाबाचं गुड मॉर्निंग तेवढं बंद करा हो! लोक कंटाळून ब्लॉक करतात. फार जणांनी रिपोर्ट केलं, तर नंबरच बंद पडू शकतो.

कॅटलॉग लावताना कुठं अडलं तर विचारा, सांगतो.