मनाच्या मापाचे भाषांतर

आपल्या घरांतून अजूनही ‘कर्करोग’ हा शब्द सहजासहजी उच्चारला जात नाही. ‘त्यांचे ते दुखणे’ असे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. पुष्कळदा तर रुग्णालाच निदान सांगितलेले नसते. अशा घरी कोणी प्रश्नावली घेऊन आले आणि ‘या आजाराला आपण मनाने कसे तोंड देता?’ असे विचारू लागले, तर भाषेच्या आधीच अडचण उभी राहते. ज्याला आजाराचे नावच ठाऊक नाही, त्याने उत्तर कशाचे द्यावे?

तरीही अशी प्रश्नावली आहे. इंग्लंडातील मॅगी वॉटसन, स्टीव्हन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८८ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ४० विधाने होती. १९९४ साली २९ विधानांची लहान आवृत्ती निघाली. विधान आपल्याला कितपत लागू पडते, ते रुग्णाने सांगावयाचे. त्यावरून झुंजार वृत्ती, हताशा, चिंतेचा ध्यास, दैवाधीनता आणि विषय मनाआड करणे, अशा पाच वृत्तींचे माप निघते.

आता भाषांतर. एकाने इंग्रजीतून आपल्या भाषेत आणावे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत, अशी रीत आहे. हिंदी पाठावरून मराठी बेतण्याचा मोह मात्र टाळावा. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न; आपल्याकडे आजाराशी झुंजण्याची चेष्टा म्हणजे भलतेच! इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस हे सांगावयास नको.

शब्द जुळले तरी काम संपत नाही. पुष्कळ रुग्णांची उत्तरे घेऊन, एका गटातील विधाने खरोखर एकत्र नांदतात की नाही, हे गणिताने तपासावे लागते. हाँगकाँगमध्ये २००३ साली चिनी आवृत्ती तपासली, तेव्हा पाचांच्या जागी तीनच गट निघाले. आम्हांस याचे नवल वाटत नाही. पांडुरंगावर भार टाकून, ठरल्या दिवशी न चुकता केमोथेरपीला जाणारी आजी आपण पाहिलेली आहे. तिला दैवाधीन म्हणावे की झुंजार?

हा केवळ पंडिती वाद नव्हे. ग्रीअर यांनी १९७९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ६९ स्त्रियांचा अभ्यास मांडला, तेव्हा झुंजार वृत्तीने आयुष्य वाढते असे वाटले होते. १९९९ साली ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात तसा लाभ आढळला नाही. अतिशय हताश असलेल्यांना मात्र धोका अधिक दिसला. म्हणजे ‘हिंमत धरली नाहीस म्हणून दुखणे उलटले’ हा भेटीला येणाऱ्यांचा ठपका निराधार आहे. आणि जी हताश झाली आहे, ती वेळीच ओळखू येणे अगत्याचे आहे. चुकीच्या शब्दामुळे श्रद्धाळू आजी हताश ठरावी आणि खरोखर खचलेली सून नजरेतून सुटावी, असे होता कामा नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे रुग्णाऐवजी मुलगाच उत्तरे देऊ लागतो. प्रश्न विचारताना त्याला तेवढा वेळ चहा करावयास धाडावे.