इको नॉर्मल, पण मनाचं काय?

स्टेंट बसला, टू-डी इको चांगला आला, गोळ्या आणि पथ्य लिहून मिळालं. तरी घरी आलेल्या माणसाला मधूनच रडू येतं, छातीत जरा चमक निघाली की झोप उडते. घरचे मायेनं म्हणतात, ‘वाचलात ना, मग आता कसला विचार करता?’ त्यावर तो गप्प होतो.

हार्ट अटॅकनंतरचे पहिले काही आठवडे असे जाणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं मन हळूहळू सावरतं. पण साधारण पाचांपैकी एकाला गंभीर नैराश्य गाठतं. माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं. नैराश्य असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला.

असं का होतं? नैराश्यात ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तातल्या प्लेटलेट लवकर गुठळी धरतात. शिवाय उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सुटलेली सिगारेट पुन्हा धरतो.

उपचारांनी आयुष्य वाढतं का? अमेरिकेत सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत समुपदेशनानं नैराश्य कमी झालं, मृत्यू मात्र घटले नाहीत. तरीही उपचार हवेतच. वाचलेलं आयुष्य धास्तीत काढावं लागू नये, एवढं कारण पुरेसं आहे. सर्ट्रालिनसारखं औषध हृदयरुग्णांना सुरक्षितपणे देता येतं, हेही तपासून झालं आहे.

भारतात २४ रुग्णालयांतल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. योग शिकलेल्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते नेहमीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीनं परतले.

म्हणून पुढच्या फॉलो-अपला डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारायलाच हवेत: गेल्या दोन आठवड्यांत वरचेवर उदास, हताश वाटलं का? कशातच रस वाटेनासा झाला का? त्यांनी विचारलं नाही, तर रुग्णानं किंवा घरच्यांनी आपणहून सांगावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून थांबू नका. तडक रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघण्यापूर्वी झोप, भीती, उदासी यांबद्दल बोलणं झालं की नाही, हे एकदा तपासा.