अनुदानातून यंत्र घेण्यापूर्वी: गिअरबॉक्स कोणता निवडावा?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना (पीएमएफएमई) किंवा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) यांतून आपण लाकडी घाणा, मिक्सर, कणीक मळण्याचे यंत्र किंवा कन्व्हेयर घेणार असाल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा एकच ओळ असते: "मशीन, मोटर व गिअरबॉक्ससह". मोटर किती एचपीची हे सगळे विचारतात. गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा, हे फार कमी जण विचारतात. पुढची पाच-सात वर्षे वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च मात्र त्यावरच ठरतो.

योजनेचा आणि गिअरबॉक्सचा संबंध काय?

पीएमएफएमईमध्ये वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. लाभार्थ्याने किमान 10 टक्के स्वतःचे घालायचे असतात आणि उरलेले बँकेचे कर्ज असते. पीएमईजीपीमध्ये उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा 50 लाख रुपये आहे आणि अनुदान प्रवर्ग व भागानुसार 15 ते 35 टक्के असते.

दोन्ही योजनांत अनुदानाची रक्कम लाभार्थ्याच्या हातात येत नाही. ती बँकेकडे वेगळी ठेवली जाते आणि साधारण तीन वर्षांनी, उद्योग चालू असेल व कर्जखाते नियमित असेल तर, कर्जात वळती होते. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत यंत्र महिनाभर बंद पडले, हप्ते थकले आणि खाते अनुत्पादक झाले, तर नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. अनुदानही अडचणीत येते.

दुसरी गोष्ट कमी लक्षात येते. चांगला गिअरबॉक्स यंत्राबरोबर घेतला तर त्याची किंमत प्रकल्प खर्चात धरली जाते आणि त्यावरही 35 टक्के अनुदान लागू होते. समजा चांगल्या प्रकारासाठी 20,000 रुपये जास्त पडत असतील, तर त्यातले 7,000 योजनेतून येतात. स्वस्तातला घेऊन दोन वर्षांनी बदलला, तर सगळे पैसे आपल्या खिशातून जातात. वीजबिलावर तर अनुदान नाहीच.

गिअरबॉक्स करतो काय?

साधी मोटर मिनिटाला सुमारे 1,440 फेरे फिरते. लाकडी घाण्याला हवे असतात चौदा-पंधरा. गिअरबॉक्स फेरे कमी करतो आणि त्या बदल्यात फिरवण्याचा जोर वाढवतो. या जोराला टॉर्क म्हणतात. फेरे किती पटीने कमी झाले त्याला रेशो म्हणतात. (शुद्ध मराठीत "दंतचक्रपेटी" म्हणता येईल, पण दुकानात तसे म्हणालात तर समोरचा आपल्याकडे बघत राहील. गिअरबॉक्सच म्हणा.)

प्रत्येक यंत्राला गिअरबॉक्स लागत नाही. पिठाची चक्की आणि मिरची-मसाल्याचा पल्व्हरायझर वेगाने फिरतात, त्यांना पट्टा आणि पुली पुरते. त्यांच्या कोटेशनमध्ये गिअरबॉक्सची रक्कम दिसली तर ती कशासाठी हे जरूर विचारा.

मुख्य प्रकार

वर्म गिअरबॉक्स: यात स्क्रूसारखा पोलादी दांडा कांस्याच्या चाकाला फिरवतो. आकाराने लहान, आवाज कमी, किंमतही कमी. एकाच टप्प्यात 60 पर्यंत रेशो सहज मिळतो. म्हणूनच छोट्या यंत्रांवर बहुधा हाच बसवलेला असतो. याची खोट अशी की दांडा चाकावर घासत फिरतो, त्यामुळे बरीचशी ताकद उष्णतेत जाते. रेशो जितका मोठा, तितकी तूट जास्त. 50 च्या रेशोला साधारण एक तृतीयांश वीज वाया जाते असे धरायला हरकत नाही.

हेलिकल गिअरबॉक्स: तिरक्या दातांची चाके एकमेकांवर लोळत फिरतात. दोन-तीन टप्पे असूनही तूट पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच राहते. मोटर आणि यंत्राचा दांडा एकाच दिशेत असतील तिथे हा बसतो. किंमत वर्मपेक्षा बरीच जास्त असते.

बेव्हल-हेलिकल: काम हेलिकलसारखेच, पण दिशा काटकोनात वळते. वर्मच्या जागी तूट कमी असलेला गिअरबॉक्स हवा असेल तर बहुधा हाच पर्याय असतो.

प्लॅनेटरी: मधल्या चाकाभोवती तीन-चार चाके फिरतात आणि भार वाटून घेतात. लहान आकारात मोठा जोर मिळतो. दुरुस्ती मात्र गावातल्या वर्कशॉपच्या आवाक्यात क्वचितच असते. बेकरीतल्या "प्लॅनेटरी मिक्सर"चा या नावाशी गोंधळ करू नका, तिथे भांड्यात फिरणाऱ्या हाताच्या गतीवरून ते नाव आले आहे.

घाण्याचे उदाहरण

समजा घाण्याला 3 एचपी, म्हणजे 2.2 किलोवॅटची मोटर आहे. 1,440 फेऱ्यांवरून 14.4 फेऱ्यांवर यायचे तर एकूण 100 पट कमी करावे लागते. पट्टा-पुलीने दोन पट आणि गिअरबॉक्सने 50 पट, अशी विभागणी करता येते.

टॉर्कचा हिशेब सोपा आहे: 9,550 ला किलोवॅटने गुणा आणि शेवटच्या फेऱ्यांनी भागा. इथे तूट न धरता सुमारे 1,460 न्यूटन-मीटर येतात. एवढ्याच क्षमतेचा गिअरबॉक्स घेऊन भागत नाही. घाण्यात भार एकसारखा नसतो. भुईमूग किंवा करडईचा नवा घाण टाकला की एकदम अडतो, मग सैल होतो. यासाठी सर्व्हिस फॅक्टर धरतात. दिवसाला दहा तासांपर्यंत काम असेल तर सारख्या भाराला 1, मध्यम धक्क्यांना 1.25 आणि जोरदार धक्क्यांना 1.75. दहा तासांच्या वर चालवणार असाल तर हेच आकडे 1.25, 1.5 आणि 2 होतात. आठ तास चालणाऱ्या घाण्याला 1.25 धरले तर 1,825 न्यूटन-मीटरच्या आसपास क्षमता हवी. दिवाळीआधीच्या महिन्यात दोन पाळ्या चालवायचा विचार असेल, तर हिशेब त्याच महिन्याचा करा.

आता वीज. मोटर पूर्ण भारावर चालते असे धरू. वर्मची कार्यक्षमता 65 टक्के असेल तर 2.2 किलोवॅटपैकी 1.43 किलोवॅट घाण्यापर्यंत पोहोचतात. 94 टक्के कार्यक्षमतेच्या बेव्हल-हेलिकलला तेवढ्याच कामासाठी 1.52 किलोवॅट पुरतात. फरक 0.68 किलोवॅटचा. रोज 8 तास आणि वर्षाला 300 दिवस, म्हणजे सुमारे 1,630 युनिट. 8 रुपये युनिट धरले तर वर्षाला 13,000 रुपये. दोन गिअरबॉक्सच्या किमतीतला फरक या रकमेने भागला की तो किती वर्षांत वसूल होतो ते कळते. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घालून हा हिशेब पुन्हा करा.

मग वर्म घेऊच नये का? तसे नाही. दिवसातून तास-दोन तास चालणारा मसाला मिक्सर किंवा हलक्या वजनाचा कन्व्हेयर असेल तर वर्मच परवडतो. फरक वसूल व्हायला तिथे फार वर्षे लागतील. दिवसभर भाराखाली चालणारे यंत्र असेल तर मात्र स्वस्त वर्म महागात पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो आधीच तापलेला असतो. वर्मसाठी क्षमतेबरोबर थर्मल रेटिंगही विचारा, म्हणजे न थांबता चालवल्यावर तो किती भार उष्णतेच्या दृष्टीने सोसतो ते कळेल.

एक इशारा. मोठ्या रेशोचा वर्म उलटा फिरत नाही म्हणून माल वर नेणाऱ्या लिफ्टला ब्रेक लागत नाही, असे काही विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नका. कंपनाने आणि झिजेने तो सरकू शकतो. वजन वर जात असेल तिथे ब्रेक असलीच पाहिजे.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे?

गिअरबॉक्सचा प्रकार, मेक, रेशो, शेवटचे फेरे, टॉर्क क्षमता, सर्व्हिस फॅक्टर आणि वॉरंटीचा काळ. तो आडवा बसणार की उभा, हेही लिहा, कारण त्यावर आतल्या तेलाची पातळी ठरते. दांड्याचा व्यास लिहून घेतला तर पुढे दुसऱ्या मेकचा गिअरबॉक्स बसवायला सोपे जाते. बँकेला आणि योजनेच्या पोर्टलवर हेच कोटेशन जाते, आणि यंत्र आल्यावर तपासणीला तोच कागद हातात असतो. नेमप्लेटवरचे आकडे त्याच्याशी जुळवून पाहा आणि फोटो काढून ठेवा. नेमप्लेटच नसेल तर यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्या.

पीएमएफएमईमध्ये प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभागाकडे आहे, मध्य प्रदेशात उद्यानिकी व अन्न प्रक्रिया विभागाकडे. इंदूर किंवा ग्वाल्हेरला राहणाऱ्या मराठी अर्जदारांनी तिथल्याच कार्यालयात जावे. गिअरबॉक्सचा तपशील अहवाल बनतानाच सांगा. कर्ज मंजूर झाल्यावर यंत्राची किंमत बदलणे त्रासाचे असते.

बसवल्यानंतर

गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी ब्रीदर असतो. वाहतुकीत तेल सांडू नये म्हणून त्या जागी बंद प्लग लावलेला असू शकतो. तो काढून ब्रीदर बसवल्याशिवाय यंत्र चालवू नका, नाहीतर आतला दाब वाढून सीलमधून तेल गळू लागते. खाद्यपदार्थाच्या यंत्रावर ही गळती अधिक गंभीर. तेल नेमप्लेटवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घाला. कांस्याच्या चाकाला काही गाडीची गिअर ऑइल चालत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत नवे दात घासून धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिली तेलबदली लवकर असते. ती किती तासांनी करायची हे पुस्तिकेत पाहा आणि यंत्राशेजारी भिंतीवर तारीख लिहून ठेवा.

वॉरंटीत गिअरबॉक्स बिघडला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. "धंद्यासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असे उत्तर मिळू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. तक्रारीसोबत कोटेशन, बिल, वॉरंटी कार्ड आणि नेमप्लेटचा फोटो जोडा.