घोडामैदान

घोडामैदान जवळच आहे, असं आपण दम देताना म्हणतो. कोलकात्यात ते शब्दशः जवळ निघालं. समोर व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट, आणि अलीकडे मैदानाच्या चिखलात कुशीवर पडलेली पांढरी घोडी. पहाटेपासून अशीच आहे, चहावाला म्हणाला.

प्राण्यांसाठी काम करणारे चौघं आले होते, त्यांतली एक डॉक्टर. मी आपला पडेल ते काम करायला. मला वाटलं, आधी तिला ओढून उभी करतील. तसं कुणी केलं नाही. घोडा तासन्‌तास एका कुशीवर राहिला की स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू मरू लागतात, खालचं फुप्फुस दबतं. म्हणून आधी तिला छातीवर बसती केली, दोन्हीकडून भुशाची पोती लावली, डोळ्यांवर ओला पंचा टाकला. डॉक्टरने फासळ्यांवरून, माकडहाडावरून हात फिरवला. घोड्याच्या अंगावरचं मांस जोखायची पट्टी 1 ते 9 अशी असते. 1 म्हणजे सापळा. ‘दीड,’ ती म्हणाली. छातीवर पट्टा घासून जखम झाली होती. मागच्या एका खुराची नाल कधीच पडून गेलेली.

तिला बग्गीला जुंपणारा गाडीवान लांब उभा होता. घोडी माझी नाही, मालक वेगळा, मी रोजावर, एवढंच बोलला. मला बारगीर आठवला. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. याच बारगिरांचं बंगालीत ‘बर्गी’ झालं. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने या शहराने 1742 साली भोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच. पोरांना निजवायच्या गाण्यात इथे अजून बर्गी येतात. मराठी माणसाने इथल्या घोड्याला हात लावायचा तो जरा जपूनच.

घोडी उठवायला बांबूची तिकाटी, वर साखळीची कप्पी, पोटाखालून कॅनव्हासचा रुंद पट्टा. पहिल्या खेपेला पुढचे पाय लटपटून ती पुन्हा बसली. मग तासभर नुसते पाय चोळले. दुसऱ्या खेपेला उभी राहिली, पट्ट्यावर अर्धा भार टाकून. मातीच्या उंचवट्याला ट्रक मागून लावला होता, आत वाळू आणि पेंढा. पंचा डोळ्यांवरच ठेवून तिला चढवली.

अमेरिकेत नको झालेला घोडा लिलावात जातो. तिथले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने 2007 साली बंद झाले, तरी घोडे मेक्सिको-कॅनडाच्या कत्तलखान्यांकडे जातच राहिले. सोडवणारे तिथे कसायावर बोली चढवतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत घोडा मांसाच्या जनावरांत धरलेलाच नाही. म्हणून म्हाताऱ्या घोडीला भावही नाही. दोर सोडायचा, दुसरी जुंपायची. बोली चढवायला समोर कसाईसुद्धा नसतो, आणि मला हे जास्त भयंकर वाटलं.

शहराबाहेरच्या तबेल्यात मी उत्साहाने चंदीचा तोबरा भरला, तर डॉक्टर ओरडलीच. उपाशी घोड्याला एकदम धान्य दिलं की रक्तातली साखर चढते, तिच्यामागे फॉस्फरस पेशींत ओढला जातो, आणि खाऊ लागलेला घोडा तीन-चार दिवसांत हृदय बंद पडून मरतो. तेव्हा फक्त वाळलेला लसूणघास, थोडा थोडा, दर चार तासांनी, दहा दिवस. रात्री दोनला गजर, पहाटे सहाला गजर. खरारासुद्धा पहिला आठवडा नाही, कातडी सोसत नव्हती. मधे ग्लँडर्ससाठी रक्त गेलं. त्यात दोष निघाला तर घोडा मारावाच लागतो, मग तो कितीही मेहनतीने उठवलेला असो. अहवाल येईपर्यंत तबेल्यात कुणी तिला नाव ठेवलं नाही.

मुंबईत 2015 साली उच्च न्यायालयाने सैरसपाट्याच्या व्हिक्टोरिया बग्ग्या बेकायदा ठरवल्या, 2021 साली बॅटरीवरच्या आल्या. कोलकात्यातही प्राणिसंस्था न्यायालयात गेल्या आहेत. पण न्यायालयाने गाड्या थांबवल्या तरी घोडे कुठे ठेवायचे, हे कुणीतरी जमिनीवर सोडवावंच लागतं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो.

रक्ताचा अहवाल चांगला आला. घर शोधायची जबाबदारी तबेल्यातल्या एका मुलीकडे होती. अटी तीन: स्वारी नाही, जुंपणं नाही, सोबतीला दुसरं जनावर हवं. महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा घोडी कुंपणाशी धुळीत लोळण घेऊन आपली आपण उठली, आणि मुलगी फोनवर होती. पलीकडच्या गृहस्थांकडे जागा होती, गवत होतं, दोन गाई होत्या. तिने वहीत पत्ता लिहायला घेतला. मग त्यांनी विचारलं, ‘पांढरी आहे ना नक्की? वरातीला पांढरीच लागते.’

तिने लिहिलेलं खोडलं. चार वाजले होते. ती घास आणायला गेली.