बिन्नीचे एकटेपण आणि महाकपींचा गोतावळा

नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या बागांत उतरणाऱ्या वानरांच्या टोळीत बहुधा एक धिप्पाड नर, अनेक माद्या आणि त्यांची पिल्ले असतात, तर टोळीबाहेर पडलेले तरुण नर आपला वेगळा जथा करून हिंडतात, हे तेथील शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. या लांब शेपटीच्या वानरांहून वेगळा, शेपूट नसलेला आणि माणसाला कितीतरी जवळचा असा प्राण्यांचा गट म्हणजे महाकपी. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे त्यात येतात. भारताच्या रानांत यांपैकी एकही आढळत नाही, त्यामुळे येथील माणसाला ते दिसतात ते प्राणिसंग्रहालयातच, आणि तेथे त्यांना सोबत कोणाची मिळते यावर त्यांचे सारे आयुष्य अवलंबून असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाला एक नाव आहे, ते बिन्नीचे. बिन्नी ही ओरांगउटान मादी पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून २००३ मध्ये भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात गेली आणि मे २०१९ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, तेथेच मरण पावली. अखेरच्या काळात ती देशातील एकमेव ओरांगउटान म्हणून ओळखली जात होती. म्हणजे खाणेपिणे, औषधपाणी आणि माणसांची देखभाल हे सर्व असूनही तिच्या जातीचा एकही जीव तिच्या आसपास नव्हता.

ओरांगउटान हा मुळातच एकलकोंडा प्राणी असल्याने त्याला एकटे ठेवल्याने काही बिघडत नाही, असे समर्थन अशा वेळी केले जाते. परंतु ते अर्धवट माहितीवर उभे आहे. बोर्निओ आणि सुमात्राच्या जंगलांत फळे विखुरलेली आणि हंगामी असल्याने मोठ्या शरीराच्या या प्राण्यांना पांगून राहावे लागते, पण उंबर-वडाच्या जातीची झाडे फळांनी लगडली की सुमात्रातील ओरांगउटान एकाच झाडावर जमतात, आणि प्रौढ नराची दूरवर जाणारी दीर्घ हाक ऐकून आसपासच्या माद्यांना तो कोण व कोठे आहे हे कळते. आई तर पिल्लाला सात-आठ वर्षे सोबत वागवते. कोणते फळ खावे, फांद्या मोडून-वाकवून रात्रीचे घरटे कसे विणावे, हे पिल्लू तिच्याकडे पाहून शिकते. रानातला ओरांगउटान एकटा दिसला तरी तो शेजाऱ्यांना ओळखून, त्यांना भेटण्याची किंवा टाळण्याची मुभा राखून राहतो, आणि बिन्नीच्या वाट्याला नेमकी हीच मुभा आली नाही.

चिंपांझीच्या बाबतीत सोबतीची गरज अधिक उघडपणे दिसते. एक चिंपांझी दुसऱ्याच्या पाठीशी बसून बोटांनी केस विंचरावेत तसे बाजूला सारतो, त्वचेवरची खपली किंवा कण ओठांनी टिपतो आणि त्या वेळी ओठांचा हलका चटचट आवाज करतो; या कृतीने अंग स्वच्छ होते, पण त्याहून अधिक म्हणजे मैत्री टिकते आणि भांडणात कोण कोणाची बाजू घेणार हे ठरते. नेदरलँड्समधील आर्नहेम येथील प्राणिसंग्रहालयात १९७१ पासून चिंपांझींची मोठी वसाहत मोकळ्या आवारात ठेवण्यात आली, आणि तिचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्स द वाल यांनी दाखवले की भांडणानंतर हे प्राणी हात पुढे करून, चुंबन घेऊन समेट करतात. मात्र त्याच वसाहतीत १९८० मध्ये सत्तेच्या झगड्यात दोन नरांनी तिसऱ्याला जीवघेण्या जखमा केल्या. याचा अर्थ नुसते प्राणी एकत्र कोंडणे पुरेसे नाही. त्यांना नजरेआड जाण्यासाठी आडोसे, कोंडीत सापडू नये म्हणून प्रत्येक खोलीला दोन दारे आणि नव्या सदस्याशी जाळीआडून सावकाश ओळख होण्याइतका वेळ द्यावा लागतो.

गोरिलाची अडचण आणखी निराळी आहे. त्याच्या कुटुंबात साधारणतः पाठीवरचे केस रुपेरी झालेला एक प्रौढ नर आणि अनेक माद्या असतात, परंतु नर व माद्या जवळजवळ सारख्याच संख्येने जन्मत असल्याने प्राणिसंग्रहालयांत कुटुंबाबाहेरचे नर उरतात. त्यांना एकेकटे ठेवण्याऐवजी केवळ नरांचे गट करण्याची पद्धत आता रुळली आहे. नरखेडच्या बागांतून फिरणारे तरुण नर-वानरांचे जथे पाहणाऱ्याला ती अनोळखी वाटणार नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात डब्लिनहून १९९५ मध्ये आलेला पोलो हा गोरिला अनेक वर्षे जोडीदाराविना राहून २०१४ मध्ये मरण पावला, आणि २०२१ मध्ये तेथे जर्मनीहून थाबो व डेम्बा हे दोन नर एकत्रच आणले गेले. त्याच सुमारास सिंगापूर आणि मलेशियाहून ओरांगउटानही आले, तेव्हा तेही एकेकटे आणले गेले नाहीत.

नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात २०२१ मध्ये भारतीय सफारी सुरू झाली असून आफ्रिकन सफारीचाही आराखडा आहे. विदर्भात कधी महाकपी आणायचे ठरलेच, तर आवाराचा नकाशा काढण्याआधी कोणते प्राणी, कोणत्या वयाचे, कोणत्या नात्याचे आणि किती एकत्र राहतील हे ठरवावे लागेल, कारण ही जनावरे चाळीस-पन्नास वर्षे जगतात आणि पहिल्या दिवशी चुकलेली जोडणी पुढे दशकानुदशके त्यांनाच भोगावी लागते.