जुन्या रुपयाची प्रतवारी करून घ्यावी काय?

आमच्या तासगांवांत प्रतवारी हा शब्द लहान पोरासही ठाऊक असतो. बेदाणा सौद्यांत मांडण्यापूर्वीं रंग आणि आकार पाहून निवडला जातो. हिरव्या, लांब मण्यास जो भाव येतो तो काळवंडलेल्या मालास येत नाहीं. निवडणाऱ्याची मजुरी मात्र दोहोंसही द्यावीच लागते. आज मला जो प्रश्न घ्यावयाचा आहे तो याच हिशेबाचा आहे. आजीच्या पेटींतून निघालेला जुना रुपया परीक्षक संस्थेकडे धाडून, पैसे मोजून, त्याची प्रत ठरवून घ्यावी काय?

हा प्रघात अमेरिकेंतला. विल्यम शेल्डन नांवाच्या एका मानसशास्त्रज्ञानें 1949 मध्यें तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं 1 ते 70 अशी गुणांची पट्टी सुचविली. आज 60 च्या खालचे गुण फिरलेल्या, झिजलेल्या नाण्यास आणि 60 पासूनचे न फिरलेल्यास, असा संकेत आहे. पीसीजीएस ही संस्था 1986 मध्यें व एनजीसी 1987 मध्यें निघाली. शुल्क घेऊन नाणें तपासावें, तें खरें ठरल्यास गुण द्यावेत आणि पारदर्शक डबींत मोहोरबंद करून परत करावें, हा त्यांचा उद्योग. पुढें हीच रीत खेळाडूंच्या चित्रपत्त्यांसही लागली. बर्फावरील हॉकीचा कॅनेडियन खेळाडू वेन ग्रेट्झ्की याचा 1979 सालचा एक पत्ता, दहापैकीं दहा गुण मिळालेला, 2021 मध्यें साडेसदतीस लक्ष डॉलरांस गेला! अशी वार्ता कानीं आली कीं आपल्याही घरांत पेट्या उघडूं लागतात, हें साहजिक आहे.

परंतु जुनें तें दुर्मिळ, ही समजूत आधीं सोडली पाहिजे. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1862 हें साल पाहून पुष्कळांना हर्ष होतो. वस्तुतः तेंच साल कोरून टांकसाळींनीं 1874 पर्यंत रुपये पाडले. त्यामुळें तो रुपया घरोघरीं सांपडतो. उलट, सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया त्याहून कितीतरी अलीकडचा, पण बहुतेक वितळविला गेल्यामुळें खरोखर दुर्लभ झाला आहे. शिवराईचें तसेंच. शिवछत्रपतींच्या 1674 मधील राज्याभिषेकापासून हें नाणें सुरू झालें खरें, पण शिवराया पुढें अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतही विपुल पडल्या. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरें अर्धींच उमटत. अशा नाण्यास गुणांच्या पट्टीपेक्षां जाणत्याची नजर अधिक उपयोगी पडते. नाशिकजवळ अंजनेरी येथें 1980 पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अभ्यासाची आवड असणाऱ्यांनीं एकदां तेथें अवश्य जावें.

आतां घरच्या घरीं काय पाहावें? जुना पूर्ण रुपया 11.66 ग्रॅम भरतो; सोनाराच्या तराजूवर वजन करून घ्या. 1940 पूर्वींच्या रुपयांत शंभरांत सुमारें 91.7 भाग चांदी असे, 1940 पासून ती निम्म्यावर आली. रुपया लोहचुंबकाकडे ओढला गेला तर तो चांदीचा नव्हे. (1947 चा वाघाचा रुपया ओढला जातो, कारण तो निकेलचाच आहे.) नंतर भिंगाखालीं राजाच्या मुकुटाची नक्षी, कानाजवळचे केस, म्हणजे जे भाग उंच असल्यानें प्रथम झिजतात, ते न्याहाळा. कडेवर डाक दिल्याची खूण असेल तर तो रुपया कधींतरी कोणाच्या गळ्यांतील माळेंत होता, असें समजावें.

आणि येथें आमच्या चालीरीतींचा एक उपद्रव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लक्ष्मीपूजनास मांडलेले रुपये चिंचेनें किंवा राखेनें लख्ख घासण्याची हौस! एका दिवाळीचें घासणें बाजारांतल्या पुष्कळ वर्षांच्या झिजेहून वाईट. घासलेलें किंवा डाक दिलेलें नाणें खरें ठरलें तरी परीक्षक त्यास बहुधा अंकच देत नाहींत. नुसता दोष लिहून पाठवितात. पूजा खुशाल करावी. नाणें मात्र तसेंच मळकट राहूं द्यावें.

खर्चाचा हिशेब असा मांडावा. समजा, शुल्क, टपाल व विमा मिळून चार हजार रुपये लागतात. झिजलेल्या 1862 च्या रुपयाचा भाव त्यांतील चांदीच्या आसपासच फिरतो. त्यावर तीस गुणांची चिठ्ठी आली म्हणून तो वाढत नाहीं. तेथें चार हजार बुडाले. जेथें एका पायरीनें किंमत कित्येक हजारांनीं बदलते, किंवा जेथें खरें कीं खोटें हाच वाद आहे, तेथेंच परीक्षण परवडतें. 1939 चा रुपया याचें उत्तम उदाहरण. 1938 मधील आठाचा नऊ केलेले रुपये विकावयास येतात, आणि मोहोरबंद डबीवांचून शहाणा गिऱ्हाईक हात घालीत नाहीं. भाव पाहतांना विक्रेत्यानें मागितलेला आंकडा धरूं नये, लिलावांत प्रत्यक्ष मिळालेला धरावा. आणि आपल्या अपेक्षेहून दोन पायऱ्या खालचा गुण गृहीत धरावा. तरीही खर्च निघत असेल तरच पाठवावें.

मात्र कोठें पाठवितां, हें कायद्याच्या नजरेनें पाहा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणें शंभर वर्षें झालेलें नाणें पुरावशेष ठरतें. तें परदेशीं पाठविण्याचा अधिकार केंद्र सरकारास किंवा त्यानें नेमलेल्या संस्थेसच आहे. इतरांस त्यापायीं सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊं शकतो. म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया किंवा शिवराई तपासणीसाठीं अमेरिकेस टपालानें धाडणें हा गुन्हा आहे, मग पाठविणाराचा हेतु कितीही निर्मळ असो. 1939 च्या रुपयास ही आडकाठी अद्याप नाहीं. जुन्या नाण्यांची तपासणी देशांतल्या देशांतच करवून घ्यावी.

शेवटीं एक सावधगिरी. दूरध्वनीवरून कोणी तुमच्या नाण्यास लाखों रुपये कबूल करील, आणि रिझर्व्ह बँकेच्या नांवानें आगाऊ कर अथवा दलाली मागेल. अशा व्यवहारांसाठीं आपण कोणासही नेमलेलें नाहीं, असें त्या बँकेनें 2021 च्या ऑगस्टांत जाहीर केलें आहे. असा दूरध्वनि आल्यास नाणें पेटींत आणि पैसे खिशांत ठेवावे.