फुलबागेतले प्राणी : आपले कोणते, पाहुणे कोणते?

सुट्टीत पुण्या-मुंबईहून मुले-नातवंडे ग्वाल्हेरला आली की किल्ला, जयविलास आणि फुलबागेतले चिडियाघर हा आपल्या घरांतला ठरलेला कार्यक्रम. चिडियाघर लहान आहे, तासा-दीड तासात पाहून होते. पण तेवढ्या वेळात मुलांना सांगण्यासारखे बरेच आहे. त्यासाठी ही थोडी माहिती.

माधवराव महाराज शिंदे यांच्या काळात, १९२२ साली सुरू झालेले हे उद्यान आज ‘गांधी प्राणी उद्यान’ म्हणून ओळखले जाते आणि नगर निगम ते चालवते. गोपाळ मंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा याच फुलबाग परिसरात असल्याने एका फेरीत सारे पाहून होते.

पिंजऱ्यापाशी उभे राहिल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : हा प्राणी मूळचा कुठला? चितळ, सांबर, काळवीट, बिबट्या, अस्वल हे आपल्या देशाचे. एमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृग आणि पाणघोडा आफ्रिकेचे. प्राण्यांच्या माहितीच्या पाटीवर त्यांचे मूळ ठिकाण दिलेले असते, ते मुलांकडूनच वाचून घ्यावे.

सर्वांत जास्त गर्दी पांढऱ्या वाघापुढे होते. ही वाघाची वेगळी जात नव्हे. रंग ठरवणाऱ्या एका जनुकातील बदलामुळे तो पांढरा होतो आणि त्यासाठी तो बदल आई व वडील दोघांकडून यावा लागतो. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून पुढची पैदास झाली. त्याच्या जोडीला त्याचीच मुलगी ‘राधा’ दिली गेली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. रंग टिकवण्यासाठी नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. त्यामुळे या वाघांत जन्मजात दोष आढळतात. दिसायला तो देखणा आहे, पण जंगलातल्या वाघांची संख्या त्याच्या पैदाशीने वाढत नाही.

परका प्राणी आणून जंगलात सोडला तर काय होते, याचा धडाही ग्वाल्हेर संस्थानाने घेतला आहे. माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपुरकडच्या रानात सोडले होते. ते गावांतली गुरे आणि माणसे मारू लागले आणि प्रयोग फसला. त्याच भागातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते आले. चित्ता मात्र पूर्वी भारतात होता. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. म्हणून चित्त्याचे येणे हे काहीसे घरी परतणे आहे, तरी आणलेले चित्ते आफ्रिकी आहेत. हा फरक मोठ्या मुलांना जरूर समजावून सांगावा.

आता आपल्या अगदी शेजारचा प्राणी. मुरैन्याजवळ वाहणाऱ्या चंबळेत घड़ियाल, म्हणजे आपली सुसर, राहते. जगातल्या बहुतेक सुसरी याच नदीत उरल्या आहेत. लांब, अरुंद जबडा मासे पकडण्यासाठी असतो. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरूनच ‘घड़ियाल’ हे नाव पडले. ती वाळूत अंडी घालते, म्हणून वाळूचा बेकायदा उपसा तिच्या मुळावर येतो. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात अंडी उबवून पिल्ले वाढवतात आणि थोडी मोठी झाली की नदीत सोडतात. एखादा प्राणी जपण्यासाठी त्याला बंदिस्त ठेवणे कशाला लागते, याचे सर्वांत चांगले उत्तर हे केंद्र आहे. चिडियाघर पाहून झाल्यावर एक दिवस तिकडेही मुलांना न्यावे. पांढरा वाघ देशातल्या कितीतरी प्राणिसंग्रहालयांत दिसेल, पण चंबळ गेली तर सुसर राहणार नाही.

काही सूचना. सकाळी लवकर जावे, दुपारी प्राणी सावलीत झोपलेले असतात. प्राण्यांना खायला घालणे किंवा डिवचणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ नयेत. निघण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्यावा, नाहीतर फाटकावरूनच परतावे लागते.

परत आल्यावर मुलांना विचारा : आज पाहिलेल्यांपैकी आपल्या चंबळ-ग्वाल्हेर भागाचे प्राणी कोणते? त्यांना तीन नावे सांगता आली तरी ती फेरी सार्थकी लागली असे समजावे.